बुटांच्या रांगेत

रॉक्सॅन त्या रांगेत उभी राहिली ती बुटांसाठी. सरोवराकाठच्या मॅनिटोवॉक गावात आठव्या रस्त्यावर थिएटर आणि चपलांचं दुकान अगदी भिंतीला भिंत लागून होतं, आणि दुकानाच्या काचेवर हिवाळी बुटांच्या सेलची पाटी होती. सकाळी सकाळी एवढी माणसं बर्फाच्या चिखलात उभी आहेत म्हणजे बूट निम्म्या किमतीत असणार, असा हिशेब करून ती शेवटी जाऊन उभी राहिली. पुढचा मुलगा वळला. त्याने तळहात छातीवर ठेवला, मग तो तिच्यापुढे उघडला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ज्योत सांभाळ."

हा कुठल्या तरी पंथाचा दिसतोय, आता हातात पत्रक देणार, असं तिला वाटलं.

तो लाईल नोव्होत्नी. आणि रांग होती 'सात सूर्य'च्या तिसऱ्या सिनेमाची. तिच्या हे लक्षात येईपर्यंत त्याच्या थर्मासमधली निम्मी कॉफी तिच्या पोटात गेली होती आणि दुकानातले तिच्या मापाचे बूट संपले होते. तिने तो सिनेमा ओल्या मोज्यांनी पाहिला. पुढच्या वर्षी लग्न झालं. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली, पण त्या रांगेतून आपण बाहेर पडलोच नाही असं ती कोणालाही सांगायची.

'सात सूर्य'ला ती 'माझी सवत' म्हणायची. तळघर त्या सवतीचं होतं. तिथे छोटी छोटी यानं, मुखवटे, आणि सिनेमाचा नायक, दीपगृहाचा राखणदार ब्रोडन, बाहुलीच्या रूपात, वेगवेगळ्या वयांत, वेगवेगळ्या झग्यांत, खोक्यातून न काढलेला. लग्नाच्या दहाव्या वाढदिवशी लाईल मिलवॉकीला पाचव्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला गेला होता. तिच्या आईच्या तेराव्यासारख्या जेवणातसुद्धा, म्हणजे दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच खाताना, तो आणि त्याचा मित्र ड्वेन कोपऱ्यात चौथ्या सूर्याच्या विझण्याबद्दल कुजबुजत होते. हे सगळं तिच्या मनात होतं. आणि अजून एक गोष्ट होती, ती तिने कोणाला सांगितली नव्हती: पडदा काळा होऊन ते पहिलं शिंग वाजलं की तिच्याही अंगावर काटा यायचा. सातही सूर्यांची नावं तिला क्रमाने पाठ होती.

त्या घरात शेवट सांगणं हे सगळ्यात मोठं पाप होतं. रॉक्सॅनला मुळात शेवटाची खोड. रहस्यकथा हातात घेतली की ती आधी मागचं पान वाचायची, म्हणजे जिवाला घोर नको. सहाव्या सिनेमाचा शेवट तिने वर्तमानपत्रात वाचला आणि रात्रीचं जेवण वाढता वाढता सांगून टाकला. लाईलने काटा खाली ठेवला. त्यानंतर आठवडाभर तो तिच्याशी कुत्र्यामार्फत बोलत होता. "बस्टर, तिला विचार, मीठ कुठे आहे." बस्टरने काही विचारलं नाही, पण रॉक्सॅनने धडा घेतला.

आता दहावा आणि शेवटचा सिनेमा नाताळात येणार होता, आणि लाईल नाताळ बघेल असं कोणी म्हणत नव्हतं. डॉक्टर नोव्हेंबरअखेरच्या 'थँक्सगिव्हिंग'पर्यंतचंच बोलायचे आणि मग खिडकीबाहेर बघायचे. ब्रोडन सातव्या सिनेमात नाहीसा झाला होता, त्याला वर्षं उलटली होती. तो परत येणार एवढं जाहिरातीत दाखवलं होतं. लाईल दुखण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, पण एकदा उशी नीट करून घेताना म्हणाला, "तेवढं एक कळायला हवं होतं गं. तो दीपगृहात परत जातो का."

ड्वेन श्मिट्झने हे ऐकलं. ड्वेन म्हणजे लाईलचा शाळेपासूनचा मित्र, पेशाने प्लंबर, आणि गावातल्या 'ज्योतवाल्यां'चा, म्हणजे 'सात सूर्य'च्या भक्तांचा म्होरक्या. त्याने आणि त्याच्या मंडळींनी सिनेमावाल्यांच्या मागे असा काही तगादा लावला की शेवटी कॅलिफोर्नियातून फोन आला: अर्धवट तयार असलेला सिनेमा घरी येऊन दाखवू. नवरा-बायको दोघांनाच. एकदाच. आणि बाहेर एक अक्षर फुटता कामा नये.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी केंड्रा नावाची मुलगी कुलूपबंद पेटी घेऊन आली. तिच्या अंगात सरोवरावरच्या वाऱ्याला मुळीच न पुरणारा कोट होता. रॉक्सॅनने आधी तिला स्वेटर दिला, मग सह्या केल्या. केंड्राने दोघांचे फोन एका पाकिटात बंद केले आणि अपराधी चेहऱ्याने सांगितलं की यंत्र मध्ये थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही. संपलं की आपोआप बंद होतं.

"उत्तरार्धात एक नवी बाई आहे," तिला राहवलं नाही. "जाहिरातीत नाही, पोस्टरवर नाही. आमच्या ऑफिसातसुद्धा निम्म्यांना तिचं नाव माहीत नाही. तुम्ही बाहेरचे पहिले."

लाईलने सकाळचं दुखण्याचं औषध घेतलं नव्हतं. घेतलं की झोप यायची, आणि आज त्याला जागं राहायचं होतं. रॉक्सॅनला ते त्याच्या जबड्यावरून कळलं. तिने गोळी पुढे केली, त्याने मान हलवली. तिने त्याच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि त्याचा हात हातात घेतला. शिंग वाजलं. अंगावर काटा आला. हे बरोबर जाऊ दे, ती मनात म्हणत राहिली, कोणाला म्हणत होती देव जाणे. एवढं एक नीट होऊ दे.

पहिला तास बरा गेला. मग हळूहळू तिच्या हातातला हात सैल पडला. बघितलं तर लाईलचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. दुखणं सोसून सोसून माणूस थकला होता आणि ऐन वेळी झोपला होता.

उठवायचं? किती दिवसांनी त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. न उठवावं, तर यंत्र मागे जाणार नाही. ती केंड्राकडे बघत होती, केंड्रा जमिनीकडे. तेवढ्यात पडद्यावर ब्रोडन आला. पांढरी दाढी, तोच झगा. रॉक्सॅन लाईलच्या खांद्याला हात लावणार एवढ्यात ब्रोडन मप्पी नावाच्या त्या केसाळ गोंडस प्राण्याला वाचवायला धावला, ज्याची खेळणी नाताळात खपवायची होती, आणि धाडकन त्याच्या अंगावर दार पडलं.

दार. साधं, लोखंडी, गोदामाला असतं तसं. तो मेला.

रॉक्सॅनचा हात हवेतच राहिला. मग तिने तो अलगद मागे घेतला. सात सूर्यांशी झुंजलेला माणूस दाराखाली सापडला होता, आणि ज्याने त्याची एवढी वर्षं वाट बघितली तो शेजारी झोपला होता. तिला रडू फुटलं. तोंडावर पदर घ्यावा तसा तिने स्वयंपाकघरातला नॅपकिन तोंडावर धरला.

पुढे इब्बा नावाची आंधळी नावाडीण आली, ती बरी होती. पण शेवटी कोणीतरी एक मोठं चाक उलटं फिरवलं, सातही सूर्य मागे मागे गेले, आणि असं निघालं की पहिल्या सिनेमापासूनचं काहीच कधी घडलं नव्हतं. सगळं पुसलं. तरुण ब्रोडन बाजारातून चाललाय, समोरून येणाऱ्या मैत्रिणीला तो ओळखतसुद्धा नाही. इथे रॉक्सॅन दुसऱ्यांदा रडली, आणि हे रडणं तिचं तिलाच नीट उमगलं नाही.

यंत्र बंद झालं. लाईलने डोळे उघडले. "झालं?" त्याने विचारलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तळहात वर केला. "एक शब्द नको, रॉक्स. नाताळात बघू."

केंड्रा जाताना दारात रॉक्सॅनच्या गळ्यात पडली. स्वेटर परत द्यायला विसरली, ते बरंच झालं.

तिथून पुढे रॉक्सॅनच्या जिवाला खरा घोर लागला. जन्मभर शेवट आधी वाचणाऱ्या बाईकडे आता असा शेवट होता की तो कोणाला देता येत नव्हता. त्याने सरळ विचारलं तर? खोटं बोलावं तर तिचा चेहरा म्हणजे दुकानाची काच, आतलं सगळं बाहेरून दिसायचं. खरं सांगावं तर? ज्या गोष्टीपायी या माणसाने जन्म काढला, जिच्यापायी तिने त्याला टोमणे मारले, ती गोष्ट कधी घडलीच नव्हती असं त्याला आता, या पलंगावर सांगायचं? आणि न सांगताच तो गेला तर? भांडी घासताना, औषधाच्या बाटल्या लावताना, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे ती हेच घोळवत राहायची. लोक काय होतंय असं विचारायचे तर ती झोप होत नाही म्हणायची. खोटंही नव्हतं ते.

लाईलने तिची परीक्षा बघितल्यासारखे तर्क लढवायला सुरुवात केली. 'ज्योतवाल्यां'चा आवडता उद्योगच तो. सकाळी ओटमील भरवताना तो म्हणायचा, ब्रोडन सातव्या सूर्याच्या आत राहत असणार. ती चमच्याकडे बघायची. दुपारी म्हणायचा, नाही, तो राखेच्या राणीचा कैदी असणार. ती पडदे सारखे करायला उठायची. पडदे सारखेच असायचे.

ड्वेन रोज यायचा. त्याच्या बायकोने दिलेली क्रिंगल नावाची गोड पेस्ट्री टेबलावर ठेवायचा, तळहात उघडून "ज्योत सांभाळ" म्हणायचा, लाईल "तुझीही" म्हणायचा, आणि मग ड्वेन नळ बघायच्या निमित्ताने रॉक्सॅनच्या मागे स्वयंपाकघरात शिरायचा. त्या महिन्यात त्या घरातल्या नळांकडे जेवढं लक्ष गेलं तेवढं आधी कधी गेलं नव्हतं.

"फक्त एवढं सांग," तो सिंकखालून म्हणायचा. "चांगलाय की वाईट?"

"सही केली आहे मी, ड्वेन."

"मी काय गावभर सांगणार आहे का?"

"तू? तू चर्चच्या पत्रिकेत छापशील."

तो सिंकखालून बाहेर आला. मग पाना हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसून राहिला आणि म्हणाला की त्याने इतकी पत्रं लिहिली, इतके फोन केले, आणि लाईल नेमका झोपला. रात्री त्याला वाटतं की हे सगळं करून काय मिळवलं. रॉक्सॅनने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. टक्कल गार होतं. तिला सांगावंसं वाटलं की झोपला तेच बरं झालं, बाबा. पण तेवढं बोलणं म्हणजेसुद्धा सगळं सांगणंच होतं. तिने त्याला क्रिंगलचा तुकडा कापून दिला.

नोव्हेंबर लागला. सरोवर करडं झालं, आणि लाईल तर्क करायचा थांबला. याचीच तिला जास्त भीती वाटली. तर्क होते तोवर तो पुढे बघत होता. घरी येणारी नर्स औषधाचा डोस वाढवून गेली आणि दारात रॉक्सॅनचा दंड नुसता दाबून गेली.

त्या दुपारी तो जागा होता आणि बऱ्याच दिवसांनी चेहरा निवळलेला होता. रॉक्सॅन पलंगाशी बसून त्याच्या पायांना तेल लावत होती.

"रॉक्स, आज मी शेवट सांगतो," तो म्हणाला. "सगळा. तू काही बोलू नकोस. होही म्हणू नकोस, नाहीही म्हणू नकोस."

तिने मान खाली घातली, टाच चोळत राहिली.

तो सावकाश बोलत होता, मध्ये मध्ये दम घेत. लढाई-बिढाई काही नाही, म्हणाला. ब्रोडन म्हातारा झालाय, लढून कंटाळलाय. तो दीपगृहात परत जातो. काच पुसतो, वातीला तेल घालतो. सूर्य एक एक करून मावळतात, आणि तो प्रत्येकाला नाव घेऊन निरोप देतो. सातवा राहतो. तो मावळायच्या आत खालून वल्ह्याचा आवाज येतो. "ब्रोडन जिना उतरतो," लाईल म्हणाला, "गुडघे दुखतात म्हणून कठड्याला धरून. आणि खाली इब्बा नाव घेऊन उभी असते."

रॉक्सॅनचा हात टाचेवर थांबला.

सरोवरावरून एक बोट भोंगा देत गेली. तिने मान वर केली नाही. इब्बा. जाहिरातीत नाही, पोस्टरवर नाही. दार पडल्यानंतर कितीतरी वेळाने आलेली. हे नाव या घरात फक्त तिला माहीत होतं, असं ती इतके दिवस समजत होती.

लाईलही थांबला होता. आपल्या तोंडून काय गेलं ते त्याला कळलं होतं. ती त्याच्याकडे बघेना आणि तो छताकडे बघत राहिला.

"लाईल नोव्होत्नी," ती शेवटी म्हणाली, "तू कधी जागा झालास?"

त्याने पांघरुणाची कड नीट केली. मग म्हणाला, "दार पडलं तेव्हा. केवढा आवाज झाला गं."

"मग डोळे का नाही उघडलेस?"

"उघडणार होतो. तेवढ्यात तुझं नाक वाजलं." त्याने मान तिच्याकडे वळवली. "चाळीस वर्षांत तू पहिल्यांदा रडलीस त्या सिनेमात. मी डोळे उघडले असते तर तू तोंड पुसून काहीतरी खवचट बोलली असतीस. म्हटलं, बघू दे तिला. आवडलंय तिला. मी पापण्यांच्या फटीतून बघितलं उरलेलं."

"आवडलं?" रॉक्सॅन म्हणाली. "मला?"

"मला वाटलं, शेवट वाईट आहे हे आता हिला कशाला सांगायचं. एकदाची आली आहे आमच्यात."

तिला हसावं की त्याला एक ठेवून द्यावी ते कळेना. महिनाभर ती चादरींच्या मागे रडत होती. महिनाभर हा तिथे पडून तिच्या आवडीला जपत होता.

"लाईल," ती म्हणाली, "दार पडलं रे त्याच्यावर."

"माहितीये."

"गोदामाचं दार."

"मप्पीसाठी," लाईल म्हणाला, आणि त्याचं पोट हलायला लागलं. दुखत होतं, तरी तो हसत होता. मग तीही हसायला लागली, तेलाचे हात हवेत धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांत त्या सिनेमाविरुद्ध त्याने एक शब्द ऐकून घेतला नव्हता, आणि आता तोच त्याची सालटी काढत होता. ते चाक काय, तो दिग्दर्शक काय, असल्या शेवटापेक्षा बस्टरने बरा लिहिला असता. खोकला आला तेव्हा तिने त्याला उठवून धरलं. पाठीची सगळी हाडं तिच्या तळहाताला लागली.

तो शांत झाल्यावर म्हणाला, "मग रडलीस कशाला?"

उत्तर तिला आत्ता, बोलता बोलताच सापडत होतं.

"सगळं पुसलं ना त्यांनी," ती म्हणाली. "पहिल्यापासून काहीच झालं नाही म्हणे. म्हणजे तिसराही नाही. म्हणजे रांगही नाही. मी त्या दिवशी नुसते बूट घेऊन घरी गेले असते."

लाईल तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने आपला हात पुढे केला, आणि तिने तेलकट हातानेच तो धरला.

"निम्म्या किमतीत मिळाले असते," तो म्हणाला.

"हो ना. आणि चांगले होते."

बाहेर अंधारून यायला लागलं होतं. नोव्हेंबरात चारलाच येतं. तिने दिवा लावला नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, पण इब्बा चांगली होती. ती म्हणाली, हो, इब्बा चांगली होती, तिला कोणी नीट काम दिलं नाही एवढंच. तो म्हणाला, मी देतो. आणि डोळे मिटून त्याने जिथे सोडलं होतं तिथून पुढे धरलं: खाली नाव आहे, इब्बाला दिसत नाही, पण ती पावलांवरून ओळखते की हा तोच, गुडघे दुखणारा. ती म्हणते, ब्रोडन, फार वेळ लावलास. तो म्हणतो, काच पुसत होतो.

"मग?" रॉक्सॅनने विचारलं. चाळीस वर्षांत तिने त्याला हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"मग तो नावेत एक पाय ठेवतो," लाईल म्हणाला. त्याचा आवाज खाली खाली जात होता, औषध चढत होतं. "आणि वर बघतो. सातवा सूर्य अजून आहे थोडा. मग इब्बा वल्हं—"

"थांब," ती म्हणाली.

त्याने एक डोळा उघडला.

"आज नको," ती म्हणाली. त्याचा हात तिने पांघरुणाखाली घेतला आणि वरून आपला ठेवला. "एक पाय काठावरच असू दे. शेवट उद्या सांग."